नवा मिश्रधातू घडवण्याच्या कामाकडे वळणाऱ्यांसाठी

मेटलर्जी (धातुशास्त्र) घेतलेल्या मुलांशी बोलताना एक समज हमखास भेटतो: नवा मिश्रधातू म्हणजे मूलद्रव्यांचं नवं प्रमाण. प्रमाण महत्त्वाचं आहेच, पण खरं काम त्यानंतर सुरू होतं. रस किती वेगाने थिजला, नमुना किती तापमानाला किती वेळ ठेवला, पाण्यात किती पटकन विझवला, यावर सगळं ठरतं. रसायन तेच असूनही दोन तुकडे अगदी वेगळे वागतात.

1906 मध्ये जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांनी सुमारे 4 टक्के तांबं आणि थोडं मॅग्नेशियम असलेलं अॅल्युमिनियम तापवून विझवलं. लगेच मोजलेला कठीणपणा आणि दोनेक दिवसांनी मोजलेला कठीणपणा यांत मोठा फरक निघाला. धातू नुसता पडून राहून कठीण झाला होता. त्यातून ड्युरॅल्युमिन हा मिश्रधातू आला. तांब्याचे अणू आत अतिसूक्ष्म पुंजके करतात आणि त्यांमुळे धातू कठीण होतो; त्या पुंजक्यांचा क्ष-किरणांचा पुरावा गिनिए आणि प्रेस्टन या शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे दिला तो 1938 मध्ये. मधली तीन दशकं हा धातू वापरात होता. निरीक्षण आधी आणि स्पष्टीकरण मागाहून, हे या क्षेत्रात आजही घडतं. म्हणून विचित्र आकडा आला की तो खोडू नका, नोंदवून ठेवा.

मी ओतकामाच्या अॅल्युमिनियमवर काम करते: साधारण 7 टक्के सिलिकॉन, 0.3 टक्के मॅग्नेशियम. गाड्यांची अलॉय व्हील्स याच कुळातली. सध्याचा माझा सगळ्यात आवडता प्रश्न भंगाराचा आहे. भंगार वितळवायला खनिजापासून नवं अॅल्युमिनियम बनवण्याच्या जेमतेम 5 टक्के ऊर्जा लागते. पण भंगाराबरोबर स्क्रू, बुशिंग यांचं लोखंड आत येतं, आणि एकदा विरघळलं की ते काढणं फार अवघड. थिजताना त्याच्या पातळ पट्ट्या होतात. मायक्रोस्कोपखाली त्या सुयांसारख्या दिसतात, आणि तडा तिथूनच धावतो. मँगनीज घातलं तर त्या सुयांऐवजी फांद्याफांद्यांची, कमी घातक रचना तयार होते. मात्र मँगनीज जास्त झालं तर जड कण भट्टीच्या तळाशी गाळ म्हणून बसतात. एकीकडे सांधावं तर दुसरीकडे उसवतं, आणि हा तोल शोधणं हेच माझ्या मते मिश्रधातू विकसित करणं.

कॅलफॅडसारख्या गणनपद्धतींमुळे कोणतं संयुग कोणत्या तापमानाला तयार होईल याचा अंदाज आता आधीच बांधता येतो. त्या शिकाच. पण हातही तयार हवा. एमरी पेपरवर नमुना घासताना प्रत्येक पेपरला तो 90 अंशांनी फिरवायचा, आधीचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत पुढचा पेपर घ्यायचा नाही. घाईत पॉलिश केलेल्या नमुन्यावर ओरखडा कुठला आणि रचना कुठली हे कळत नाही. अॅल्युमिनियमच्या एचिंगला, म्हणजे रचना दिसावी म्हणून पृष्ठभाग रसायनाने किंचित खायला, हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरतात. सौम्य द्रावणाने भाजलेलं लगेच दुखतही नाही, तोवर ते खोल उतरलेलं असतं. कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी नसेल तर त्या बाटलीला हात लावू नका, वरिष्ठ काहीही म्हणोत.

शिक्षणासाठी आपल्याकडे आयआयटी मुंबई, नागपूरचं व्हीएनआयटी आणि पुण्याचं सीओईपी हे भक्कम पर्याय आहेत. मेकॅनिकलची मुलंही एमटेकला इकडे येतात. बीटेकवर फाउंड्री (ओतकाम कारखाना), हीट ट्रीटमेंट (धातू तापवून-विझवून गुण बदलणं), क्वालिटी इथे काम मिळतं. संशोधनासाठी एमटेक किंवा पीएचडी बहुधा लागतेच. हैदराबादची डीएमआरएल (संरक्षण खात्याची धातुविज्ञान प्रयोगशाळा) आणि मिधानी (खास मिश्रधातू बनवणारी सरकारी कंपनी), जमशेदपूरची एनएमएल (राष्ट्रीय धातुविज्ञान प्रयोगशाळा), नागपूरचं जवाहरलाल नेहरू अॅल्युमिनियम संशोधन केंद्र, मुंबईत ट्रॉम्बेचं बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र) या जागांवर नजर ठेवा. पण संशोधनाकडे जाण्याआधी काही महिने कोल्हापूरच्या एखाद्या फाउंड्रीत जरूर घालवा. प्रयोगशाळेत किलोभर रसात जमलेलं गणित मोठ्या भट्टीत का फसतं, हे तिथले भट्टीवाले तुम्हाला दाखवतील.

मुलाखतीला जाताना स्वतः काढलेले मायक्रोस्ट्रक्चरचे, म्हणजे मायक्रोस्कोपखाली दिसणाऱ्या रचनेचे, फोटो न्या. प्रत्येकावर स्केल, एचंट (एचिंगचं रसायन), हीट ट्रीटमेंट लिहिलेली असावी. आम्ही उमेदवाराला त्यातला एक फोटो समोर ठेवून विचारतो: हे असं का दिसतंय? त्यावर तो काय बोलतो, यावरून आम्हाला गुणपत्रिकेपेक्षा जास्त कळतं.