येऊरमधले फ्लायकॅचर शिकायचे असतील तर आधी वही काढा

पक्षी बऱ्यापैकी ओळखता येतात, दुर्बीण हाताळता येते, ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर याद्या टाकायची सवय आहे आणि आता जंगलातल्या छोट्या फ्लायकॅचरवर, म्हणजे उडते किडे पकडणाऱ्या पक्ष्यांवर, प्रोजेक्ट करावा किंवा सर्वेक्षणाच्या कामात शिरावं असं मनात आहे, अशा मुलामुलींसाठी हे लिहितेय. ठाण्यात राहणाऱ्यांना यासाठी लांब जावं लागत नाही. टीएमटीची बस येऊरला सोडते आणि समोर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं साधारण १०३ चौरस किलोमीटरचं जंगल असतं. पनवेलकडच्यांना कर्नाळा आहे. जागा आहे, पक्षी आहेत. तरी हा गट भल्याभल्यांना दमवतो आणि पहिल्या वर्षात बरेच जण सोडून देऊन पाणपक्ष्यांकडे वळतात. खाडीवरचा फ्लेमिंगो उघड्यावर उभा राहतो. हा चौदा-पंधरा सेंटिमीटरचा जीव करवंदीच्या जाळीत, अर्धवट अंधारात बसतो.

वर्गीकरण एकदा नीट लावून घ्या, मला व्हायव्हात म्हणजे तोंडी परीक्षेत यावरच पकडलं होतं. टिकेल्स ब्लू, रेड-ब्रेस्टेड, एशियन ब्राउन आणि व्हर्डिटर म्हणजे नीलांग, हे मस्किकॅपिडी कुळातले. स्वर्गीय नर्तक आणि ब्लॅक-नेप्ड मोनार्क मोनार्किडीतले. नाचण रिपिड्युरिडीतला. आणि ग्रे-हेडेड कॅनरी फ्लायकॅचर या तिन्हींच्या बाहेर, स्टेनोस्टिरिडीत. सगळे उडते किडे पकडतात, म्हणून दिसायला-वागायला सारखे वाटतात. जुनं फील्ड गाइड म्हणजे पक्षी ओळखायचं पुस्तक वापरत असाल तर हेही लक्षात ठेवा की ऱ्हायनोमायस वंशातले बरेचसे जंगल फ्लायकॅचर आता सायॉर्निसमध्ये गेलेत आणि टिकेल्सचीच आग्नेय आशियातली एक शाखा वेगळी जात मानली जाते. जुन्या पेपरमधलं नाव आणि आजचं नाव जुळलं नाही तर घाबरू नका, आधी साल बघा.

सुरुवात टिकेल्सपासूनच करा. यावर माझं मत पक्कं आहे. एडवर्ड ब्लाइदने १८४३ मध्ये या पक्ष्याचं वर्णन केलं आणि सॅम्युएल टिकेलचं नाव त्याला दिलं. आपल्याकडे तो वर्षभर असतो, म्हणजे चुकला तर पुढच्या रविवारी पुन्हा भेटतो. नर पाठीवर निळा, गळा-छाती नारिंगी, पोट पांढरं. मादी तशीच पण फिकट. नाल्याच्या कडेची दाट सावली आणि बांबू त्याला आवडतो. बसतो साधारण डोक्याच्या उंचीला किंवा खाली, ताठ. आवाज धातूच्या बारीक तारेवर टिचकी मारल्यासारखा, सुरांची छोटी उतरती-चढती लड. आधी हा एक पक्षी वर्षभर, सगळ्या ऋतूंत, नर-मादी-पिल्लांसकट बघा. मग हिवाळी पाहुण्यांकडे वळा. ज्यांनी हे केलं नाही त्यांची यादी लांब असते आणि पाया कच्चा.

आता मुख्य गोष्ट. मी यात पुरती अडकले होते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

‘आत्ता फोटो काढून घेऊ, ओळख घरी गेल्यावर पटवू.’ हे वाक्य मनात आलं की थांबा. बगळा, घार, खंड्या यांच्या बाबतीत ते चालून जातं. या गटात नाही चालत.

सावलीत टिकेल्सची मादी बसलीय असं धरा. पिसांत निळं रंगद्रव्य नसतं. पिसाच्या आतल्या सूक्ष्म रचनेवर प्रकाश विखुरतो म्हणून आपल्याला निळं दिसतं. प्रकाशच कमी असेल तर ती निळाई राखाडी होते, कधी तपकिरी. त्यात वरून ऐनाच्या, सागाच्या पानांतून गाळून आलेला उजेड हिरवट. कॅमेऱ्याला हे काही कळत नाही. तो त्याच्या हिशेबाने रंग समतोल करतो. कमी उजेडासाठी आयएसओ वाढवलेला असतो, फोटोत दाणे येतात. घरी येऊन तुम्ही सावल्या उजळता, रंग जरा चढवता. निळं आधीच गेलेलं असतं, ते परत येत नाही. चढतो तो नारिंगी. आता लॅपटॉपवर एक तपकिरी पाठीचा, झकास नारिंगी गळ्याचा पक्षी बसलेला असतो. गाइड उघडलं की ब्लू-थ्रोटेड फ्लायकॅचरची मादी समोर येते: पाठ तपकिरी, गळा-छाती नारिंगी. जुळलं! आणि ब्लू-थ्रोटेड आपल्याकडे कमी दिसणारा हिवाळी पाहुणा, त्यामुळे आनंदही होतो. तो आनंद फार घातक. एकदा नाव डोक्यात बसलं की पुढचे सगळे पुरावे त्याच बाजूने दिसायला लागतात.

खरी खूण शेपटीत असते. ब्लू-थ्रोटेड मादीची शेपटी तांबूस-तपकिरी. टिकेल्सच्या मादीची शेपटी आणि पंख निळसर. पण फोटोत शेपटी पानामागे गेलेली असते किंवा धूसर. तुम्ही तिथे उभे होता तेव्हा तो पक्षी वळला होता, एक कवडसा शेपटीवर पडला होता, क्षणभर निळं चमकलं होतं. तेव्हा तुमचा डोळा शटरच्या बटणाकडे. जंगलात दिसलेलं लिहिलंच नाही आणि फोटोत जे नव्हतं त्यावर नाव ठरवलं.

माझ्या वहीतल्या अशा नोंदी प्रोजेक्टमधून काढाव्या लागल्या. त्यांत काही बरोबरही असतील, पण कोणत्या ते ठरवायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं. त्याची खंत अजून जात नाही, म्हणून एवढं लांबण लावतेय.

पावसाळ्यात हाच सापळा दुसऱ्या रूपात येतो. घरट्यातून नुकतं बाहेर पडलेलं टिकेल्सचं पिल्लू तपकिरी, अंगभर पिवळसर ठिपके. आईबापांशी काडीचं साम्य नाही. नवखे लोक त्याला काय काय नावं देतात! तिथेही पंख आणि शेपटी बघा, निळाई तिथे असतेच. शिवाय थोडा वेळ गप्प उभे राहिलात तर चारा घेऊन आईबाप येतात आणि प्रश्नच मिटतो. मात्र लांबूनच. पिल्लाच्या जवळ सरकू नका, फांद्या बाजूला करू नका.

तर पद्धत अशी ठेवा. पक्षी दिसला की दुर्बीण, मग वही, आणि वेळ उरला तर कॅमेरा. वहीत नाव लिहू नका, दिसलं ते लिहा. किती उंचीवर, उघड्यावर की आत. किडा पकडून त्याच फांदीवर परत आला का. एशियन ब्राउन बहुतेक येतो. शेपटीचं काय करतो? रेड-ब्रेस्टेड ती वर उडवतो आणि बुडाच्या दोन्ही बाजूंचं पांढरं दिसतं, सोबत कोरडी ‘टर्रर्र’. नाचण शेपटीचा पंखा करून जागच्या जागी गिरक्या घेतो. नीलांग उंच, मोकळ्या शेंड्यावर बसतो. खालच्या चोचीचा बुडखा फिकट की काळा? रेड-ब्रेस्टेड आणि त्याचा भाऊबंद तैगा वेगळे करताना हे लागतं: रेड-ब्रेस्टेडचा फिकट, तैगाची चोच जवळजवळ पूर्ण काळी. तैगात शेपटीच्या बुडावरची पिसं शेपटीपेक्षाही काळीभोर. पाय गडद की फिकट? एशियन ब्राउनचे गडद, ब्राउन-ब्रेस्टेडचे फिकट. या सगळ्यावर रोज पाच ओळी पुरतात.

सुरुवातीचे काही महिने हे लिहून काहीच हाती लागत नाही असं वाटेल. लागतं. एका सकाळी नुसत्या बसण्यावरून, शेपटीच्या एका झटक्यावरून कोण आहे ते तुम्हाला कळेल आणि ते बरोबर असेल. हे माझ्यासारख्या सामान्य नजरेच्या मुलीला जमलं, तुम्हालाही जमेल.

आणि जात ठरत नसेल तर ‘जात अनिश्चित’ लिहा. ई-बर्डवर त्यासाठी पर्याय आहे. ती चांगली नोंद आहे. पुढे कामाला लागलात की पर्यावरण अहवालांसाठी सर्वेक्षणं करायला मिळतील. पैसे बेताचे, काम हंगामी, आणि यादी लांब दिसावी असा दबाव. एका कामात मला अनिश्चित नोंदींना नावं घालून द्यायला सांगितलं होतं. मी दिली नाहीत, पुढचं काम त्यांच्याकडून आलं नाही. पहिल्या वर्षी हे जड जातं, घरचेही विचारतात की पगार कधी सुरू होणार. तरीही अशी नावं देऊ नका. या क्षेत्रात तुमच्याकडे विकायला तुमच्या नोंदीवरचा विश्वास एवढंच आहे.

आडवाटांबद्दल थोडं. फोनवर आवाज वाजवून पक्षी बाहेर काढणं मला अजिबात मान्य नाही, विणीच्या दिवसांत तर नाहीच. नर आपली हद्द राखायला चवताळून येतो, घरटं तेवढा वेळ उघडं पडतं. पाण्याचं भांडं ठेवलेल्या हाइडमध्ये, म्हणजे फोटोसाठी केलेल्या आडोशात बसून फोटो मिळतात, पण पक्षी कुठे राहतो, काय खातो, काही समजत नाही. आवाजावरून पक्षी ओळखणारं मर्लिन ॲप वापरा, मीही वापरते. फक्त त्याने नाव दाखवलं म्हणून यादीत टिचकी मारू नका. येऊरमध्ये पल्लवपुच्छ कोतवाल आहे आणि तो इतर पक्ष्यांच्या नकला इतक्या हुबेहूब करतो की ॲप फसतं. आवाज ऐकू आला की पक्षी शोधा.

मार्गदर्शकांबद्दलही बोलते. विचारलं की लगेच नाव सांगणारा माणूस दिलदार वाटतो, पण त्याच्या मागे फिरून शिकायला कमी मिळतं. ‘तुला असं का वाटलं?’ एवढंच विचारणारा धरा. सुरुवातीला त्याचा राग येईल, येऊ द्या. दोन दिवसांच्या सर्टिफिकेट कोर्सवर पैसे घालण्यापेक्षा मुंबईत बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) संग्रहातल्या पक्ष्यांच्या जतन केलेल्या कातड्या बघायची परवानगी मागा. ही संस्था १८८३ पासून आहे. कॉलेजचं पत्र लागेल, आधी वेळ घ्यावी लागेल. टिकेल्स आणि ब्लू-थ्रोटेडच्या माद्या शेजारी ठेवून शेपट्या बघितल्या की जे डोक्यात बसतं ते कुठल्या चित्राने बसत नाही.

आणि पाड्यांवरच्या माणसांशी बोला. येऊरच्या पाड्यावरचे एक मामा मला नाल्याशी रोज बघायचे. एकदा म्हणाले, “ताई, तू निघतेस लवकर. ऊन खाली नाल्यात उतरलं की तो येतो. त्या वाकलेल्या बांबूवर.” मी तोवर उजाडल्यापासून दोन तास बसून परतायचे, कारण पक्षी पहाटेच बघायचे असं सगळीकडे वाचलेलं. दुसऱ्या दिवशी थांबले. ऊन नाल्यात उतरलं, पाण्यावर किडे उठले आणि टिकेल्सचा नर येऊन त्याच बांबूवर बसला. झेप, चोचीची ‘टिच’, परत त्याच जागी. चोचीत राखाडी पतंग. तो त्याने फांदीवर डावीकडे-उजवीकडे आपटला, पंखांची भुकटी उडाली, एक पंख गळून पाण्यात पडला, मग गिळला. चोचीच्या बुडाशी रुंदी किती असते आणि तोंडाभोवतीचे ताठ केस कुठून निघतात, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. मामांचं नाव प्रोजेक्टच्या आभारात घातलं आणि छापील प्रत नेऊन दिली. तुम्हीही एवढं करा. माहिती घेऊन निघून जाणारे त्यांनी बरेच बघितलेत.

एकट्याने अंधारात शिरू नका, बिबट्याचा वावर आहे. पायात पूर्ण बूट हवेत, फुरसं आणि घोणस दोन्ही आहेत.

परवानगीचं शेवटी सांगते, पण काम तिथूनच सुरू करा. ठरलेल्या वाटेवर पक्षी बघणं वेगळं आणि राष्ट्रीय उद्यानात ठिकाणं आखून मोजणी करणं वेगळं. मोजणीसाठी वनविभागाची लेखी परवानगी लागते. कॉलेजातल्या प्रोजेक्ट गाइडच्या सहीचा प्रस्ताव, कॉलेजचं पत्र, नेमक्या जागांचा नकाशा, पद्धत, तारखा. पक्षी पकडणार नसाल तर तसं स्पष्ट लिहा. वन्यजीव विभागाच्या प्रधान मुख्य वनसंरक्षकांचं कार्यालय नागपूरला आहे आणि फाइल फिरायला वेळ लागतो. हिवाळी पाहुणे सप्टेंबर-ऑक्टोबरपासून उतरायला लागतात. त्या हंगामात मोजणी करायची असेल तर अर्ज उन्हाळ्यातच टाका, पोच घ्या आणि उत्तर येईपर्यंत टिकेल्सच्या नोंदी मोकळ्या वाटेवरून सुरू ठेवा.