कायलोथोरॅक्स: नळी असताना आणि निघाल्यावर बाळाला काय द्यायचं

लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया विभागात मी आहारतज्ज्ञ आहे. ऑपरेशन नीट पार पडतं, बाळ दूध घ्यायला लागतं आणि छातीच्या नळीतून कालपर्यंत पिवळसर येणारं पाणी पांढरट होतं. मला बोलावणं येतं ते बहुधा तेव्हा. आतड्यातली चरबी वाहून नेणारी लसिकानलिका छातीतून मानेकडे चढते. तिला इजा झाली, किंवा ती जिथे रिकामी होते त्या मोठ्या शिरेत गुठळी झाली, की तिच्यातला चरबीयुक्त स्राव (लसिका) फुप्फुसाभोवती साचतो. यालाच कायलोथोरॅक्स म्हणतात. काही बाळांना हा त्रास जन्मतःच असतो.

नुसत्या रंगावर जाऊ नये. उपाशी बाळाचं पाणी नितळच दिसतं. दूध सुरू असताना त्या पाण्यात ट्रायग्लिसराइड, म्हणजे चरबी, 110 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर आणि पेशींत 80 टक्क्यांहून जास्त लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी), असा अहवाल आला की निदान पक्कं धरतात.

आधी नळीने पाणी काढून श्वास मोकळा करायचा, मग चरबी थांबवायची. सगळी नव्हे, लांब साखळीची, म्हणजे नेहमीच्या दुधा-तेलात मुख्यतः असते ती. मध्यम साखळीची चरबी, म्हणजे एमसीटी, लसिकेची वाट न धरता बव्हंशी थेट यकृताकडे जाते, म्हणून बाळाला एमसीटीचं खास दूध देतात. ‘मग खोबरेल तेल चालेल ना?’ हे मला हमखास विचारतात. नाही चालत. त्यात लॉरिक आम्ल हे मेदाम्ल जास्त असतं आणि त्यातलं बरंचसं लसिकेतूनच जातं.

आईचं दूध सोडायची गरज नाही, पण ते जसंच्या तसं देता येत नाही. थंड सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे वेगाने गरगरवणाऱ्या यंत्रात, फिरवलं की चरबीचा थर वर जमतो आणि खालचं दूध सिरिंजने ओढून घेता येतं. त्यात एमसीटी आणि जीवनसत्त्वं मिसळावी लागतात. फ्रीजमध्ये ठेवून वरची साय काढणं पुरेसं नाही, खाली बरीच चरबी उरते. आईने दूध काढून साठवत राहावं, पुढे ते लागणारच आहे.

एवढ्यानेही पाणी कमी झालं नाही तर तोंडाने देणं बंद करून शिरेतून पोषण देतात. त्यात पांढरं लिपिड दिसलं की आई-बाबा घाबरतात. ते थेट रक्तात जातं, लसिकानलिकेत चढत नाही. सोबत ऑक्ट्रिओटाइड हे गळती कमी करायचं औषध देतात. ते चालू असताना साखर तपासावी लागते आणि पोट फुगतंय का ते पाहावं लागतं. त्यानंतरच्या पायऱ्या म्हणजे गळती शोधून आतूनच बंद करणं किंवा नलिका बांधणं. तो निर्णय सर्जनचा, त्यात मी पडत नाही.

नळीतून नुसतं पाणी जात नाही. प्रथिनं, सोडियम, इम्युनोग्लोब्युलिन (जंतूंशी लढणारी प्रथिनं) आणि लिम्फोसाइटही जातात. म्हणून सूज आणि जंतुसंसर्ग यांवर डोळा हवा. माझा एक हट्ट असतो: किती पाणी आलं याच्या शेजारी त्या दिवशी बाळाला काय दिलं तेही लिहा. पाणी अचानक वाढलं की कारण पुष्कळदा त्या रकान्यात सापडतं. कुणीतरी मायेने बिस्किटाचा तुकडा दिलेला असतो.

नळी निघून घरी गेल्यावरही कमी चरबीचा बेत तोच, साधारण सहा आठवडे. नेमकी मुदत तुमचे डॉक्टर ठरवतील. पाकिटावरचा चरबीचा आकडा एका वाढपाचा आहे की शंभर ग्रॅमचा, ते आधी बघा. अंड्याचा पांढरा भाग चालतो, बलक नाही. एमसीटी तेल थोडं थोडं वाढवा, एकदम दिलं तर जुलाब होतात. त्यात तळू नका, ते लवकर धुरावतं. या तेलात लिनोलेइक आम्ल हे आवश्यक मेदाम्ल नसतं, म्हणून आवश्यक मेदाम्लं किती आणि कशी द्यायची, अ, ड, ई, के जीवनसत्त्वं कोणत्या थेंबांतून द्यायची, हे सुट्टी मिळण्याआधीच लिहून घ्या. वजन दर वेळी त्याच काट्यावर करा.

श्वास जलद होणं, बरगड्यांखाली खळगा पडणं, दूध पिताना दमणं, ओठ निळसर दिसणं, यांतलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता तडक रुग्णालयात जा. मुदत संपली तरी नेहमीचं दूध आपल्या मनाने सुरू करू नका. आधी छातीचा एक्स-रे, मग दूध, आणि काही दिवसांनी पुन्हा एक्स-रे.