उतरत्या थंडीत धरणांवरचे पक्षी: बेळगाव परिसरात एक दिवस कसा आखावा

संक्रांत ते शिवरात्र हा काळ आपल्याकडच्या जलाशयांवर पक्षी पाहायला सर्वात चांगला. पाटाला पाणी सोडल्यामुळे धरणं हळूहळू ओसरतात, काठाचा गाळ उघडा पडतो आणि उथळ पाण्यात पक्षी दाटीने उतरतात. शिवाय बदकांचे नर या दिवसांत पूर्ण रंगात असतात. हिवाळ्याच्या सुरुवातीला सगळे मळकट तपकिरी दिसतात आणि नवखा माणूस गोंधळतो.

जागा. एका दिवसात दोनच जागा घ्याव्यात. घटप्रभा रेल्वे स्थानकाजवळ धुपदाळचा बंधारा आहे. त्याच्या मागचं उथळ पाणी आणि बेटं हे 1974 सालचं घटप्रभा पक्षी अभयारण्य. सकाळ तिथे घालवावी. त्याच नदीवर वरच्या बाजूला, हुक्केरी तालुक्यात हिडकलचं धरण आहे, ते दुपारनंतर गाठावं. बेळगावहून लांब जायचं नसेल तर मार्कंडेय नदीवरचं राकसकोप आहे, पण ते शहराचं पिण्याचं पाणी. त्यामुळे कुठल्या काठाला जाता येईल ते आधी विचारून घ्यावं. धरणाच्या भिंतीवर कॅमेरा काढण्यापूर्वीही चौकीवर विचारावं.

काठ निवडणं. दिवस साधणार की नाही, हे बहुतेक इथेच ठरतं. सूर्य पाठीशी हवा. म्हणजे सकाळी पूर्वेच्या काठावर उभं राहून पश्चिमेकडे बघायचं, दुपारनंतर उलट. समोरून ऊन आलं तर दोनशे बदकं नुसते काळे ठिपके होतात आणि महागडी दुर्बीणही उपयोगी पडत नाही. वारा असेल तर आडोशाचा काठ आधी तपासावा, बदकं तिथेच विसावतात.

सूर्योदय सातच्या सुमारास होतो. त्याआधी अर्धा तास काठावर पोचावं. धुकं असेल तर जागेवरच बसून आवाज ऐकावेत, चालू नये. धुक्यात पक्षी आपल्याला दिसत नाहीत, आपण मात्र त्यांच्या अगदी जवळ जाऊन पोचतो.

दुर्बीण. 8×42 (आठ पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग 42 मिलिमीटरचं) पुरते. आधी उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करावं, मग डावा मिटून उजव्या भिंगाजवळची कडी फिरवावी. हे एकदा न केल्यामुळेच बऱ्याच जणांचं डोकं दुखतं. चष्मा असेल तर डोळ्याजवळचे रबरी कप खाली करावेत. स्पॉटिंग स्कोप (ट्रायपॉडवर लावायची, एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण) असेल तर 20 पटीपासून सुरुवात करावी. सकाळी दहा वाजल्यानंतर पाण्यावरची हवा लहरू लागते, तेव्हा 60 पट केलं तर चित्र फक्त थरथरतं. ट्रायपॉड बुटका ठेवावा आणि वाऱ्यात त्याला पिशवी लटकवावी.

ओळख. आधी आकार आणि बसण्याची पद्धत, रंग शेवटी. थापट्याची चोच पुढे पसरट. तलवार बदकाची मान लांब, शेपूट टोकदार. भुवई बदकाच्या नराची पांढरी भुवई लांबूनही दिसते. चक्रवाक नारिंगी असतो आणि उडाला की पंखावरचा पांढरा भाग चमकतो. पट्टकादंबाच्या पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतात. काळं अंग आणि पांढरं कपाळ दिसलं तर तो चांदवा, बदक नव्हे. मादी ओळखू येत नसेल तर शेजारचा नर बघावा, पण तेवढ्यावर नाव पक्कं करू नये.

धुपदाळच्या बाजूला करकरा क्रौंच आणि पांढरे करकोचेही येतात. ते फक्त पाण्यावर शोधू नयेत. चरायला क्रौंच रब्बीच्या शेतांत जातात, म्हणून रस्त्यालगतची कापणी झालेली रानंही बघत जावं. पिकात मात्र पाय घालू नये.

मोजणी. थव्यातले दहा पक्षी नीट मोजावेत, तेवढ्यांनी किती जागा व्यापली ते नजरेत धरावं आणि त्या मापाने पुढे जावं. असं दोनदा करावं. आकड्यांत फार फरक पडला तर तिसऱ्यांदा. सगळे एकदम उडाले तर घार किंवा भोवत्या असा शिकारी पक्षी आला का ते आकाशात बघावं.

अंतर. बदकांनी माना ताठ केल्या आणि ती काठापासून दूर सरकू लागली की आपण फार जवळ आलो, तिथूनच मागे फिरावं. या दिवसांत परतीच्या प्रवासासाठी ती अंगात चरबी साठवत असतात. प्रत्येक उठवणीत ती खर्च होते. फोटोसाठी थवा उडवणाऱ्याला सोबत नेऊ नये, हे आम्ही स्पष्टच सांगतो.

उघड्या गाळावर उतरू नका. वरची सुकलेली पापडी टणक वाटते, खाली गुडघाभर चिखल असतो. शेकाट्या आणि चिखल्या काठावर बसूनही चांगले दिसतात.

पहाटे स्वेटर लागतो, अकराला ऊन चटका देतं. म्हणून कपडे थरांचे आणि मळखाऊ रंगाचे, डोक्यावर टोपी, माणशी दोन लिटर पाणी. खिशात गोकाकचं करदंट असलं की दुपारपर्यंत भागतं.

नोंदी त्याच दिवशी ई-बर्डवर (पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर) भराव्यात. दोन्ही जलाशयांची यादी वेगळी ठेवावी, वेळ आणि चाललेलं अंतर लिहावं आणि कावळा-साळुंकीसकट ओळखलेला प्रत्येक पक्षी घालावा. ओळख न पटलेलं बदक नुसतं ‘बदक’ म्हणूनच नोंदवावं.