जुन्या गाडीचं इंजिन किंचाळतंय? नवा बेल्ट आणण्याआधी हे बघा

जुन्या गाडीच्या इंजिनातून चिरका आवाज आला की पहिला संशय फॅन बेल्टवर जातो आणि बहुतेक वेळा तो खराही ठरतो. घोळ पुढे होतो. नवा बेल्ट बसतो, चार दिवस शांततेत जातात आणि मग पुन्हा तेच. ओरडत बेल्टच असतो, पण त्याला ओरडायला लावणारा, त्याच्यावरच फिरणारा डायनामो (बॅटरी चार्ज करणारं यंत्र) किंवा वॉटर पंप (इंजिन थंड ठेवणारं पाणी खेळवणारा) तसाच राहिलेला असतो.

म्हणून पाना उचलण्याआधी आवाज केव्हा येतो ते टिपून ठेवा. थंड इंजिन सुरू करताच लांब किंचाळी फुटते आणि मिनिटभरात विरते, तर बेल्ट घसरतोय. स्टार्टरने बॅटरीतून ओढलेला करंट डायनामो भरून काढत असतो, त्यामुळे तेव्हा त्याच्यावर भार जास्त असतो. हेडलाइट लावल्यावर आवाज वाढला तरी कारण हेच. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारं ठेक्यातलं ‘चिक-चिक’ असेल, तर पुल्या (बेल्ट ज्यांवर फिरतो ती खाचेची चाकं) एका रेषेत नाहीत किंवा डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगना ठिणगीची वीज वाटणारा भाग) कोरडा पडलाय. गाडी चालायला लागल्यावरच डॅशबोर्डामागून चीत्कार येत असेल, तर तो स्पीडोमीटरच्या केबलचा. त्याचा इंजिनाशी संबंध नाही.

नुसत्या कानावर भरवसा ठेवू नका. लोखंडातून आवाज लांबवर जातो, त्यामुळे पंपाचा आवाज डायनामोतून आल्यासारखा वाटतो. खरा निवाडा बेल्ट काढूनच होतो. इंजिन बंद आणि थंड असताना डायनामोचे खालचे दोन बोल्ट आणि वरच्या खाचेच्या पट्टीचा बोल्ट ढिला करा, डायनामो इंजिनाकडे ढकला आणि बेल्ट उतरवा. स्क्रू ड्रायव्हर घालून तो पुलीवरून उचकटू नका, आतले धागे तुटतात. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा, बाह्या आणि केस आवरा, गाडी मोकळ्या हवेत असू द्या. आता इंजिन अर्धा मिनिट चालवा, फार तर एक मिनिट. पंप फिरत नसल्याने पाणी खेळत नाही, त्यामुळे याहून जास्त नको. चार्जिंगचा दिवा पेटलेलाच राहील, ते साहजिक आहे.

आवाज गेला? मग दोष बेल्टवर चालणाऱ्या मंडळींपैकीच कुणाचा तरी. इंजिन बंद करून प्रत्येक पुली हाताने फिरवा. डायनामोला ब्रशांमुळे थोडी ओढ लागते, पण खरखर लागता कामा नये. जुन्या ल्यूकस कंपनीच्या डायनामोच्या मागच्या टोकाला सच्छिद्र ब्राँझचा बुश (शाफ्टला आधार देणारी नळी) असतो आणि त्यात तेल सोडायला बारीक भोक ठेवलेलं असतं. हे भोक वर्षानुवर्षं कुणी बघतच नाही. इंजिन ऑइलचे दोन-तीन थेंब पुरतात. जास्त ओतलं तर तेल कम्युटेटरवर (ब्रश ज्यावर घासतात त्या तांब्याच्या कड्यावर) उतरतं आणि चार्जिंग बिघडतं. वॉटर पंपाची पुली वर-खाली हलवून बघा. ती जरा जरी डगडगली तरी बेअरिंग गेलं. पंपाच्या खालच्या बाजूच्या पाझर-भोकाशी गंजकट किंवा पांढरट ओघळ दिसले, तर सीलही गेलं म्हणून समजा. अशा पंपाला ग्रीस भरून उपयोग नाही, तो बदलाच.

आता बेल्ट आतल्या बाजूने उलटा वाकवून बघा. भेगा, तेलाचे डाग, काचेसारखी चकाकी यांपैकी काही दिसलं तर तो टाकून द्या. मग पुलीच्या खाचेत टॉर्च मारा. व्ही-बेल्ट पकड घेतो ती खाचेच्या दोन तिरक्या भिंतींवर. तळ मळकट, थोडा गंजलेला असला तर ठीक आहे. तळ चकचकीत असेल तर बेल्ट खाली टेकतोय. अशा वेळी बेल्ट मापापेक्षा अरुंद आहे, झिजलाय किंवा पुलीच खाल्ली गेलीय. मग कितीही आवळा, तो घसरणारच.

बेल्ट चढवल्यावर सर्वांत लांब टप्प्याच्या मध्यावर अंगठ्याने दाबा. साधारण 12-13 मिमी दबला पाहिजे. गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळं माप असेल तर तेच धरा. ‘थोडा जास्तच आवळू, म्हणजे ओरडणार नाही’ हा मोह फार महागात पडतो, कारण पंपाचं आणि डायनामोच्या पुढचं बेअरिंग त्यातूनच मरतं. ताण देताना पहार डायनामोच्या पुढच्या झाकणाजवळ लावा, मधल्या पत्र्यावर नको. नवा बेल्ट 15-20 मिनिटं चालल्यावर थोडा सैल पडतो, तेव्हा ताण पुन्हा तपासा.

तरीही कुरकुर राहिली, तर चालत्या बेल्टच्या आतल्या बाजूवर पंख्यापासून हात लांब ठेवून थोडं पाणी शिंपडा. आवाज वाढला तर बेल्ट सैल आहे. क्षणभर थांबून परत आला तर पुल्यांवर सरळ पट्टी धरून रेषा तपासा. फरक असेल तर डायनामोच्या बोल्टात योग्य जाडीचा वायसर घाला. बेल्टवर मारायच्या चिकट स्प्रेच्या नादी लागू नका. आवाज दबतो, पण धूळ चिकटते आणि खरं कारण झाकलं जातं.

बेल्ट उतरवूनही आवाज कायम असेल, तर डिस्ट्रिब्युटरची टोपी काढा आणि रोटर (आत फिरणारा तुकडा) सरळ वर उपसा. खाली स्क्रू किंवा नमद्याचा तुकडा दिसेल, त्यावर इंजिन ऑइलचे दोन-तीन थेंब सोडा. स्क्रू काढायची गरज नाही, तेल कडेने आत उतरतं. पॉइंटची (ठिणगीसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचची) टाच मधल्या फिरत्या कॅमवर घासते, तिथे आगकाडीच्या गुलाएवढं ग्रीस लावा. जास्त झालं तर उडून पॉइंटवर बसेल आणि गाडी सुरूच होणार नाही.

आवाज शिट्टीसारखा आणि अ‍ॅक्सिलरेटरबरोबर बदलणारा असेल, तर कुठूनतरी हवा खेचली जातेय. मीटरभर रबरी नळीचं एक टोक कानाशी धरा आणि दुसरं कार्ब्युरेटरच्या बुडाशी, इनटेक मॅनिफोल्डच्या गॅस्केटवर, ब्रेक बूस्टरच्या पाइपवर फिरवा. संशयित जागी साबणाचं पाणी मारा. शिट्टी बदलली की जागा सापडली. तिथे पेट्रोल मारून बघणं म्हणजे आगीला आमंत्रण. क्रँककेस व्हेंटिलेशनचा (इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर ओढणारा) व्हॉल्व्ह असलेल्या इंजिनात तेलाचं झाकण उघडताच किंचाळी थांबली, तर आत प्रमाणाबाहेर व्हॅक्यूम तयार होतोय आणि ऑइल सीलच्या ओठांतून हवा ओढली जातेय. तो व्हॉल्व्ह आणि ब्रीदरची वाट तपासा.

राहिला क्लच. पेडल दाबल्यावर आवाज आला तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लचला ढकलणारं). पेडल पूर्ण दाबून गिअर टाकल्यावरच आला तर क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य शाफ्टच्या) टोकातला पायलट बुश. न्यूट्रलमध्ये येतो आणि पेडल दाबताच थांबतो, तर गिअरबॉक्सच्या पहिल्या शाफ्टचं बेअरिंग. तिन्हींसाठी बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून ही चाचणी बेल्ट काढलेला असताना एकदा आणि चढवून एकदा, अशी दोनदा करा.