गाडीनं लुंबिनीला निघताय? या चुका टाळा

वैशाख पौर्णिमा जवळ आली की आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या पवनी भागातून दोन-चार गाड्या तरी नेपाळातल्या लुंबिनीला, बुद्धांच्या जन्मस्थळी निघतात. बोलेरो नाहीतर अर्टिगा, पुढं पंचशील ध्वज, आत आजी-आजोबा आणि लेकरं, टपावर ताडपत्रीत बांधलेलं अर्धं घर. मी तीनदा जाऊन आलो, म्हणून लोक विचारायला फोन करतात. कधी? निघायच्या आदल्या रात्री, गाडीत सामान भरता भरता. "भाऊ, तिकडे काही लागते का जी?" लागते! पण ते रात्री दहाला सांगून काय उपयोग? म्हणून यंदा आधीच लिहून ठेवतो.

पलीकडचं कॅलेंडर न बघता निघणं

आपण पौर्णिमा बघतो, पोरांच्या सुट्ट्या बघतो, उन्हाळी धान कापून झालं का ते बघतो. आपण दुसऱ्या देशात चाललो आहोत आणि तिथंही लोकांना त्यांची कामं असतात, हे मात्र डोक्यात येत नाही.

२०२२ साली पौर्णिमा १६ मेला होती. आम्ही नऊ जण ११ तारखेच्या पहाटे निघालो. सिवनी, जबलपूर, मग रीव्यात मुक्काम. दुसऱ्या दिवशी प्रयागराज, गोरखपूर करत संध्याकाळी सोनौलीला पोहोचलो, तर सीमा बंद. १३ मेला नेपाळात स्थानिक निवडणुका होत्या आणि मतदान होईपर्यंत कोणाला सोडणार नव्हते. हे आम्हाला कोणी सांगितलं, तर चहाच्या टपरीवाल्यानं. हजार किलोमीटर गाडी हाकून आल्यावर. मोठी मामी त्या बंद दरवाजाकडे बघून म्हणाली, "काहून नाही सोडत? आपण काय मत टाकाले आलो का?"

मागं फिरून नौतनव्याला एक खोली मिळाली. नऊ माणसं, एक कूलर आणि रात्रभर लाईटचा लपंडाव. तिथं एक गोष्ट कळली. आपण विदर्भातले लोक पंचेचाळीस डिग्रीची फुशारकी मारतो, पण आपलं ऊन कोरडं. तराईत, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याच्या सपाट पट्ट्यात, हवा ओली असते, कूलर नुसती वाफ फेकतो. मामाला भोवळ आली ती तिथंच. तेव्हापासून माझ्या गाडीत मीठ-साखरेच्या पुड्या कमी पडत नाहीत.

१४ ला सीमा उघडली. आणि ज्या पौर्णिमेसाठी एवढी यातायात केली, त्या दिवशी भारताचे पंतप्रधानच लुंबिनीच्या मायादेवी मंदिरात आले. ते कुशीनगरहून हेलिकॉप्टरनं, आम्ही बोलेरोनं. आधी आत कोण गेलं ते सांगायला नको. आम्हाला आत जाता जाता दिवस मावळला.

आता मी काय करतो? आठ दिवस आधी सीमेपलीकडच्या भैरहव्याच्या लॉजवाल्याला फोन लावतो आणि तीनच प्रश्न विचारतो: निवडणूक आहे का, बंद आहे का, कोणी मोठा माणूस येतो आहे का. आपल्या बाजूच्या मतदानाच्या तारखाही बघतो, कारण तेव्हा आपलेही लोक सीमा आवळतात. नेपाळात आठवड्याची सुट्टी शनिवारी असते, हेही तारीख ठरवतानाच लक्षात घ्या.

भन्सारच्या पावतीवरची तारीख आपल्या हिशेबानं वाचणं

ही चूक माझी लाडकी, कारण ती शहाणी माणसंच करतात.

आपली गाडी नेपाळात न्यायची तर सीमेवरच्या भन्सार कार्यालयात, म्हणजे त्यांच्या कस्टममध्ये, जितके दिवस राहणार तितक्या दिवसांचे पैसे भरून पावती घ्यावी लागते. आरसी, विमा, पीयूसी, लायसन्स दाखवायचं. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर मालकाचं संमतीपत्र. यात अवघड काही नाही. अवघड आहे ती पावती. ती देवनागरीत असते, आणि तिथंच माणूस फसतो. अक्षर आपलं दिसलं की आपल्याला वाटतं, मजकूरही आपलाच.

आम्ही तीन दिवसांचे पैसे भरले. पावतीवर मुदत लिहिलेली: २०७९/०२/०२. साडूनं पावती उलटसुलट केली. "दुसरा महिना? फेब्रुवारी तं कवाच गेला!" खिडकीतल्या माणसानं समजावलं, "जेठ दुई गते." झालं. साडू बोटं मोजायला लागला. वैशाखातली पौर्णिमाच अजून व्हायची, मग अमावस्या, मग ज्येष्ठ लागणार, त्याची द्वितीया म्हणजे थेट जून. "अरे, तीन दिवसाचे पैसे घेतले अन् पंधरा दिवस देले!" बोलेरोत टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू.

खरी गोष्ट अशी की नेपाळचा सरकारी कारभार विक्रम संवतावर चालतो आणि त्यांचे महिने सूर्यावर धरलेले. वर्ष एप्रिलच्या मध्यात सुरू होतं. आपले महिने चंद्रावर. त्यामुळे आपल्या वैशाख पौर्णिमेला, १६ मेला, त्यांच्या कागदावर जेठची दोन तारीख होती. म्हणजे आमची मुदत पौर्णिमेच्याच रात्री संपत होती. आणि आम्ही जून धरून बसलेलो. दुसऱ्या दिवशी आरामात तिलौराकोटला गेलो, कपिलवस्तूचे अवशेष बघितले, मामीनं तिथली माती पदराच्या गाठीत बांधली. १८ तारखेला परत निघालो तेव्हा पावती बघणाऱ्यानं कपाळाला हात लावला. दंड किती बसला ते लिहीत नाही, साडू हे वाचणार आहे. मुदत संपायच्या आत भन्सारमध्ये जाऊन दिवस वाढवून घेतले असते तर नुसते दोन दिवसांचे पैसे लागले असते.

माझी सवय आता अशी: पावती हातात पडली की खिडकी सोडायच्या आत विचारतो, "इंग्रजी तारीख कोणती?" आणि ती पेनानं पावतीच्या मागं लिहितो. शिवाय एक दिवस जास्तीचा भरतो. तेवढ्या पैशासाठी काही कोणाला म्हैस विकावी लागत नाही. आणि "सीमा उघडी आहे, कोण बघते, भन्सार न करताच घुसू" म्हणणारे असतील तर त्यांनी मला फोनच करू नये. गाडी जप्त झाली तर नऊ माणसं घेऊन एसटीची वाट बघाल, आणि तिकडं एसटी येत नाही.

बाकीच्या चुका

"आधार आहे ना" हे वाक्य. आधार चालतं ते ६५ च्या वरच्यांना आणि १५ च्या खालच्यांना. मधल्यांनी पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्र न्यावं. रस्त्यानं जाताना दर वेळी कोणी विचारतं असं नाही, पण लॉजवाला विचारतो.

पाचशेच्या नोटांचं बंडल. २०१८ च्या डिसेंबरात नेपाळनं शंभरच्या वरच्या भारतीय नोटा बंद केल्या होत्या. पुढं नियम काहीही होवोत, मी शंभराच्याच नोटा नेतो. त्यांचा भाव आपल्या शंभराला त्यांचे एकशे साठ असा बांधलेला आहे, मग बदलून देणाऱ्याशी घासाघीस कसली?

पिवळ्या पाटीची भाड्याची गाडी असेल तर परवाने वेगळे लागतात. ते गाडीवाल्याला निघायच्या आधी विचारा, सोनौलीत नको.

सोनौलीच्या अलीकडे ट्रकांची रांग दिसली की नवखा ड्रायव्हर इमानदारीनं तिच्या मागं उभा राहतो. लहान गाड्या बाजूनं पुढं जातात, बाबा.

एका दमात पोहोचायची पैज. रात्री दोन वाजता ड्रायव्हरला तंबाखू चारून जागं ठेवणं याला मी हिंमत म्हणत नाही. एक मुक्काम कराच. येताना कुशीनगरला थांबलात तर महापरिनिर्वाण स्थळही बघून होतं.

म्हाताऱ्या माणसांना भर दुपारी लुंबिनीत पायी फिरवणं. तो परिसर गावाएवढा लांब आहे, दोन्ही बाजूंना देशोदेशीचे विहार. ई-रिक्षा मिळते, ती करा. मायादेवी मंदिरात फोटो काढू देत नाहीत, तिथं हुज्जत घालू नका.

आणि अशोकस्तंभापुढं सेल्फी काढून पळणं. पाच ओळींचा लेख आहे त्याच्यावर. राज्याभिषेकाच्या विसाव्या वर्षी राजा स्वतः इथं आला, इथं बुद्ध जन्मले, म्हणून लुंबिनी गावाचा कर कमी करून आठव्या हिश्श्यावर आणला, असं त्यात कोरलेलं आहे. धानवाल्या माणसानं तरी तिथं दोन मिनिटं उभं राहावं. आमचा मामा राहिला. मग म्हणाला, "अन् आपल्याकडे धानाच्या बोनसचा जीआर कवा निघते?"

गॅसचं सिलिंडर गाडीत भरणाऱ्यांबद्दल काय लिहू? मे महिन्यात, बंद गाडीत, त्याच्यावर घडी घातलेली गोधडी टाकून लेकराला बसवलेलं मी डोळ्यानं पाहिलं आहे. जबलपूरच्या पुढं, एका ढाब्यावर. उतरवायला लावलं.