शाळेचा तपासणी अहवाल हातात आला, की आधी पूर्तता बघा

नागपूर जिल्ह्यात मी बारा वर्षं केंद्रप्रमुख होते, म्हणजे आसपासच्या शाळांना भेटी देऊन तपासणी करायचे. आता नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीतल्या आया अहवालाची झेरॉक्स घेऊन घरी येतात. गेल्या उन्हाळ्यात एकीनं विचारलं, "मॅडम, याच्यात तं सगळं समाधानकारकच आहे नं? मग माझी पोरगी शाळेत दिवसभर पाणी का नाही पीत?"

अहवालात लिहिलं होतं: मुलींचे शौचालय 1, आहे. मी तिला म्हटलं, एकदा स्वतः जाऊन बघ. दाराला कुलूप होतं आणि चावी ऑफिसच्या कपाटात. चावी मागायची लाज वाटते म्हणून मुली पाणीच पीत नव्हत्या, तेही एप्रिलमधल्या नागपुरात!

म्हणून 'आहे' या शब्दावर थांबू नका. वापरात आहे का, नळाला पाणी येतं का, हे विचारा. यू-डायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी संकेतस्थळावर शाळेचा 11 अंकी क्रमांक टाकला की माहिती दिसते, पण ती शाळेनंच भरलेली असते. तपासणाऱ्यानं डोळ्यांनी काय पाहिलं, ते वेगळं.

'समाधानकारक', 'ठीक', 'सुधारणेस वाव' हे शब्द मीही खूप लिहिलेत. घाईच्या भेटीत तेच लिहिले जातात, त्यांतून तुम्हाला काही कळणार नाही. आकडा असलेलं वाक्य शोधा. 'चौथीच्या 22 पैकी 9 मुलांना हातच्याची वजाबाकी जमली नाही' असं लिहिलं असेल, तर तपासणारे साहेब खरंच वर्गात बसले होते. त्या वाक्यावरून मुख्याध्यापकांना विचारता येतं, की त्या 9 मुलांसाठी काय केलं?

मग शिक्षक मोजा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत 60 मुलांपर्यंत 2 शिक्षक, 61 ते 90 ला 3, 91 ते 120 ला 4 हवेत. अहवालात 'मंजूर' आणि 'कार्यरत' असे दोन आकडे दिसले, तर कार्यरतचाच धरा.

आता पूर्तता. तपासणीत त्रुटी निघाली, की शाळेनं ती दूर करून पूर्तता अहवाल द्यायचा असतो. मागच्या दोन-तीन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवा. तीच त्रुटी त्याच शब्दांत परत आली असेल, तर पूर्तता कागदावरच झाली. माझ्या मते सगळ्या अहवालात एवढं एक बघितलं तरी पुष्कळ कळतं.

अंगणवाडीत पर्यवेक्षिकेच्या शेऱ्याबरोबर आपल्या लेकराच्या वजनाच्या नोंदी ताईंकडून मागून बघा. वजन दोन महिने तिथंच असेल, तर केंद्राला कितीही चांगला शेरा असू दे, ताईंशी त्याच दिवशी बोला.

शाळा अहवाल दाखवत नाही? सरकारी आणि अनुदानित शाळेच्या व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक असतात. आधी त्यांच्यामार्फत मागा. नाहीच मिळाला, तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. 10 रुपये लागतात, उत्तराची मुदत 30 दिवस.

त्या आईनं समितीच्या सभेत चावीचा विषय काढला आणि इतिवृत्तात तारखेसकट लिहून घेतला. आता कुलूप शाळा सुटल्यावरच लागतं. पोरीची बाटली रिकामी घरी येते.