मासा लागेनासा झाला की: गरवायला (गळानं मासे धरायला) निघण्याआधीची तयारी

दिवाळीनंतर पाणी निवळलं की ओळखीच्या खडपावर (किनाऱ्याच्या खडकाळ पट्ट्यावर) तांबोशी, पालू, गोब्रा हे मासे लागेनासे होतात. तीच जागा, तीच वेळ, तोच चारा धरून बसलात तर शिंगाळा या काटेरी माशापलीकडे फारसं काही हाती लागत नाही. रॉड, रीळ, शिसं, सुरी तुमच्याकडे असणारच, त्यावर शब्द खर्चत नाही.

पहिलं काम गरी (गळ-दोरी) घरी ठेवून करायचं: ओहोटीला जाऊन खडप बघून यायचं, तेही दिवसाउजेडी. अमावास्या-पौर्णिमेनंतर दोनेक दिवसांनी उधाणाचं (मोठ्या भरती-ओहोटीचं) पाणी चांगलंच खाली जातं आणि ती सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, सकाळी सातच्या आसपास येते, म्हणजे उजेडही मिळतो. एरवी बुडालेला तळ तेव्हा उघडा पडतो. खडकांमधली वाळूची चर कुठून कुठे जाते, ओसरतं पाणी शेवटी कोणत्या वाटेनं बाहेर पडतं ते नीट बघा, भरतीला मासा त्याच वाटेनं आत शिरतो. कालवं दाट आहेत तिथे तंगूस (नायलॉनची दोरी) घासून तुटणार. कपारीखाली पाणी साचलंय आणि दगड उचलला की कुर्ली पळते, तिथे चारा पडला पाहिजे. (दगड परत होता तसा ठेवा.) जागा लक्षात ठेवायला मागच्या किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत धरा. अंधारात बसणार असाल तर माड आणि कळस उपयोगाचे नाहीत, दिवे धरा.

याच फेरीत परतीची वाट बघायची. बसायचा खडक उंच आहे म्हणून निर्धास्त राहिलात तर फसाल. खडक आणि किनारा यांच्यामधली चर खडकाच्या कितीतरी आधी भरते आणि भरतीच्या मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मं पाणी चढतं. तुम्ही कोरडे असता, पाठीमागे गळ्याएवढं पाणी असतं. चरीतला एखादा ठळक दगड हेरून ठेवा. तो बुडायला लागला की उठायचं, मासा ओढत असला तरी.

आता वेळ. तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीचा तास, हा हिशोब घरातल्या जाणत्यांना विचारा. दशमीला दहाची पाऊणपट, म्हणजे साडेसात येतात. मालवण-रत्नागिरीला भरती मुंबईपेक्षा थोडी आधी लागते, म्हणून भरतीचं वेळापत्रकही ताडून घ्या. दशमी-एकादशीला चढतं पाणी आणि पहाट एकत्र मिळतात, भांगाचं (लहान भरती-ओहोटीचं) मेलेलं पाणी पुन्हा ओढ धरू लागलेलं असतं. निवळ पाण्यात उन्हं वर आल्यावर मासा कपारीतून बाहेर पडायला तयार नसतो. उजाडायच्या तासभर आधी गळ पाण्यात हवा. म्हणजे अंधारात खडपावर चढणार. म्हणजे ते खडप ओहोटीला बघितलेलं हवं. नसेल बघितलं तर त्या दिवशी पुळणीवर (वाळूच्या किनाऱ्यावर) बसा, खडपावर नको.

गरीतही थोडा बदल करा. निवळ पाण्यात शेवटची हातभर तंगूस एक नंबर बारीक लावा, पण कालवांच्या जागी जाडच ठेवा. कालवं कुठे आहेत? तेच, ओहोटीला बघा. शिसं मुख्य दोरीला सरळ बांधू नका. त्याला कमी ताकदीच्या तंगुसाचा वेगळा फाटा द्या, म्हणजे ते कपारीत अडकलं तर फाटाच तुटतो, गळ आणि मासा वाचतात. शिशाऐवजी गॅरेजमधला जुना स्पार्क प्लग चालतो, गेला तर हळहळ नाही. गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून हलकं ओढा: रुतलं तर ठीक, घसरलं तर कानस लावा. चारा जिवंत कोळंबीचा, शेपटीकडून ओवलेला. डोक्यातून गळ घातलात तर ती लगेच मरते आणि मेलेली कोळंबी शिंगाळा आधी गाठतो. कोळंबी नसेल तर कुर्लीचा तुकडा किंवा ताज्या बोईट माशाची पट्टी. बर्फात आठवडाभर पडलेली तारली नको.

बॅटरी पाण्यावर मारू नका. खडपावर दणादण चालू नका.

पावसाळ्यात खडपावर जायचंच नाही, लाट सांगून येत नाही. मालवणात असाल तर १९८७ पासूनचं सागरी अभयारण्य आहे, कुठे मनाई आहे ते आधी विचारा. राज्यानं २०२३ मध्ये ५४ जातींची किमान लांबी ठरवली आहे, बारकी पिल्लं सोडून द्या.

बाकी पटापट: पकड असलेली चप्पल, डोक्याला बांधायची बॅटरी, पाणी, बर्फ. कोणत्या खडपावर आहात ते घरी सांगा. पक्कड हवीच, शिंगाळ्याचा गळ हातानं काढू नये. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा आणि सूज चढली तर डॉक्टरकडे जायचं.